‘खोट्या कळा’ की खऱ्या? दवाखाना लांब असेल तेव्हा कसं ओळखायचं आणि कधी निघायचं

गरोदरपणाचा आठवा-नववा महिना. चालता चालता पोट अचानक दगडासारखं घट्ट होतं, अर्धा-एक मिनिट तसंच राहतं आणि मग हळूहळू सैल पडतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरात धावपळ सुरू होते. कोणी म्हणतं, ‘कळा सुरू झाल्या, गाडी बोलवा.’ कोणी म्हणतं, ‘अजून वेळ आहे, या खोट्या कळा.’

शहरात हा प्रश्न फारसा जड जात नाही. शंका आली तर रिक्षा करायची, तपासून यायचं. पण भामरागड ते गडचिरोली हे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाचा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरपट्ट्यातल्या कोलाम गुड्यांची अवस्थाही फार वेगळी नाही. अशा ठिकाणी ‘खऱ्या की खोट्या’ यावर बरंच काही अवलंबून असतं. उगाच निघालं तर मजुरी बुडते, घरची लहान मुलं मागे राहतात, प्रवासाचा त्रास होतो. निघायला उशीर झाला तर बाळंतपण रस्त्यातच होऊ शकतं.

म्हणून या कळा म्हणजे काय, त्या प्रत्येकीला वेगळ्या का जाणवतात आणि दवाखाना लांब असताना निर्णय कसा घ्यायचा, हे नीट समजून घ्यायला हवं.

नेमकं होतं काय?

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. इतर स्नायूंसारखी तीही आकसते आणि सैल होते. हे आकसणं गरोदरपणाच्या सुरुवातीपासून होत असतं, पण तेव्हा ते इतकं हलकं असतं की कळतही नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर ते जाणवायला लागतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं.

या आकसण्याला ठरलेली लय नसते. दिवसात दोनदा होईल, मग दोन दिवस काहीच नाही. कधी संध्याकाळी तासात तीन-चार वेळा होईल आणि झोपल्यावर थांबेल. मुख्य म्हणजे या कळांनी गर्भाशयाचं तोंड उघडत नाही. खऱ्या बाळंतकळांचं काम तेच असतं. तोंड हळूहळू पातळ करायचं, उघडायचं आणि बाळाला खाली सरकवायचं.

मग या कळा कशासाठी? गर्भाशयाचा स्नायू यामुळे पुढच्या कामाला तयार होतो, असं मानलं जातं. म्हणूनच त्यांना ‘सराव कळा’ असंही म्हणतात. ‘खोट्या’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. पोट घट्ट होणं खरं असतं आणि काही जणींना होणारं दुखणंही खरंच असतं. बाळंतपण सुरू झालेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

वैद्यकीय भाषेत त्यांना ‘ब्रॅक्स्टन हिक्स कळा’ म्हणतात. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ साली त्यांचं वर्णन केलं. गर्भाशय पूर्ण गरोदरपणभर अधूनमधून आकसतं आणि सैल होतं, हे त्यांनी नोंदवलं. बायकांना आणि सुइणींना ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. डॉक्टरांच्या पुस्तकात ती तेव्हा आली.

प्रत्येकीचा अनुभव वेगळा का?

एकाच घरातल्या दोन जावांना विचारलं तरी उत्तरं वेगळी मिळतात. एक म्हणते, मला असं काही झालंच नाही. दुसरी म्हणते, सातव्या महिन्यापासून रोज पोट कडक व्हायचं. दोघींचंही बरोबर असू शकतं.

पहिलटकरणीला बऱ्याचदा हे आकसणं ओळखूच येत नाही. बाळ फिरलं असेल, गॅस झाला असेल, असं वाटून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तीच गोष्ट लवकर लक्षात येते, कारण अनुभव असतो.

जाणवण्याची जागाही बदलते. कोणाला फक्त पोट घट्ट झाल्यासारखं वाटतं, दुखत अजिबात नाही. कोणाला पाळीच्या वेळेसारखं ओटीपोटात दुखतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तर या कळा इतक्या जोरात येऊ शकतात की खऱ्या कळांपासून त्या वेगळ्या करणं अवघड जातं. काही जणींच्या बाबतीत बाळंतपणाची सुरुवातच अशी संथ असते. रात्रभर कळा येतात, सकाळी थांबतात, दुसऱ्या रात्री पुन्हा येतात.

आणखी एक फरक असतो तो सांगण्या-न सांगण्याचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक आजार आढळला, पण त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. म्हणजे दुखणं होतं, पण ते अंगावर काढलं जात होतं. गरोदरपणातल्या कळांचंही असंच होऊ शकतं. ‘थोडं पोट दुखून राहिलं’ एवढंच सांगणाऱ्या बाईला प्रत्यक्षात किती दुखतंय, हे तिच्या शब्दांवरून ठरवता येत नाही. तिला खोदून विचारावं लागतं. शक्य असेल तर तिच्या बोलीत विचारावं लागतं, आणि शेजारी बसून पोटावर हात ठेवून बघावं लागतं.

खऱ्या आणि सराव कळा ओळखायच्या कशा?

एकाच कळेवरून काही ठरवता येत नाही. तासभर लक्ष ठेवलं तर मात्र बरंच कळतं.

आधी तीन साध्या गोष्टी करायच्या: दोन पेले पाणी प्यायचं, लघवी करून यायचं आणि डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. बसून राहिल्यावर कळा येत असतील तर थोडं चालून बघायचं. मग मोबाइलच्या घड्याळावर वेळ बघायची. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली आणि प्रत्येक कळ किती वेळ टिकली, हे कागदावर लिहून ठेवायचं.

सराव कळा असतील तर:

- दोन कळांमधलं अंतर कमी-जास्त होत राहतं
- जोर वाढत जात नाही
- पाणी, आराम किंवा कूस बदलल्याने त्या कमी होतात किंवा थांबतात
- ताण बहुतेक वेळा पोटाच्या पुढच्या भागातच जाणवतो

खऱ्या कळा असतील तर:

- त्या ठरावीक अंतराने येतात आणि अंतर कमी होत जातं
- प्रत्येक कळ आधीपेक्षा जास्त वेळ टिकते, जास्त जोराची असते
- काहीही केलं तरी थांबत नाहीत
- दुखणं बऱ्याचदा कमरेतून सुरू होऊन पोटाकडे येतं
- कळ आली की बोलणं थांबवावं लागतं

घरातल्या दुसऱ्या बाईला पोटावर हात ठेवूनही अंदाज घेता येतो. सुइणींना आणि नर्सना यासाठी एक सोपी खूण शिकवतात. कळ आलेली असताना पोट नाकाच्या शेंड्याइतकं मऊ लागलं तर कळ हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम आणि कपाळासारखं टणक लागलं तर जोराची. दोन कळांच्या मध्ये पोट पुन्हा मऊ व्हायला हवं. ते सैल न पडता सतत टणकच राहिलं तर तो धोक्याचा इशारा आहे.

खात्रीचं उत्तर मात्र तपासणीतच मिळतं. नर्स किंवा डॉक्टर गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय ते बघतात आणि काही तासांनी पुन्हा बघतात. फरक पडला असेल तर बाळंतपण सुरू झालं. म्हणजे कधी कधी दवाखान्यातसुद्धा लगेच सांगता येत नाही, थोडं थांबूनच कळतं. घरच्यांना ओळखता आलं नाही तर त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही.

मोहफूल, तेंदूपत्ता आणि रोवणी

सराव कळा वाढवणाऱ्या काही गोष्टी ठाऊक आहेत. शरीरात पाणी कमी पडणं, जास्त श्रम, बराच वेळ उभं किंवा वाकून राहणं, लघवी तुंबवून ठेवणं, शरीरसंबंध, अगदी बाळाची जोरात हालचालसुद्धा.

ही यादी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्षाशेजारी ठेवली की काही महिने लगेच डोळ्यांपुढे येतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून वाकून मोहफुलं वेचायची. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि तेव्हा चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पावसाळा लागला की गुडघाभर चिखलात धानाची रोवणी. जंगलात किंवा बांधीत बायकांसाठी आडोसा नसतो, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची, ही सवय अनेकींना लागते. दोन्हींमुळे पोट घट्ट होणं वाढतं. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर खऱ्याच कळा वेळेआधी सुरू होण्याचा धोका असतो.

म्हणून गरोदर बाईला कामावर असताना पोट वारंवार घट्ट होत असेल तर पहिला उपाय सावली, पाणी आणि विश्रांती हाच. तासाभरात थांबलं तर काळजीचं कारण बहुधा नाही. थांबलं नाही, किंवा लघवीला जळजळ आणि ताप असेल, तर आशाताईला किंवा नर्सला लगेच सांगायला हवं.

दिवस किती भरले, हे आधी बघायचं

ओल्या जमिनीवर आणि कोरड्या जमिनीवर पडलेल्या ठिणगीत फरक असतो, तसाच फरक ३९ व्या आठवड्यातल्या आणि ३२ व्या आठवड्यातल्या कळांत असतो. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत नियमित कळा येत असतील तर ‘खोट्या असतील’ म्हणून वाट बघत बसायचं नाही. तासाभरात चार-सहा वेळा पोट घट्ट होत असेल आणि पाणी पिऊन, आडवं होऊनही थांबत नसेल, तर तपासणी हवीच.

याचं कारण म्हणजे वेळेत पोहोचलं तर करता येण्यासारखं बरंच असतं. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांना तयार व्हायला मदत होते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम म्हणजे उपकेंद्रातली नर्सही देऊ शकते.

पण त्यासाठी दिवस किती भरले हे माहीत असावं लागतं. शेवटच्या पाळीची तारीख अनेकींच्या लक्षात नसते. ‘पोळ्यानंतर पाळी आली नाही’ किंवा ‘रोवणी संपली तेव्हा’ अशी आठवण मात्र असते, आणि तिच्यावरूनही आशाताई बऱ्यापैकी तारीख काढू शकते. सुरुवातीच्या महिन्यांत नाव नोंदवलं आणि सोनोग्राफी झाली तर अंदाज आणखी पक्का होतो. माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली प्रसूतीची तारीख घरातल्या आणखी एकाला तरी पाठ असावी.

या दुखण्याला ‘खोट्या कळा’ म्हणू नये

या भागात पोटदुखीची काही वेगळी कारणंही असतात. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीत असतो. गरोदर बाईला मलेरिया झाला तर रक्तक्षय वाढतो, वारेवर परिणाम होतो आणि बाळ वेळेआधी येण्याचा धोका असतो. म्हणून ताप आणि कळा एकत्र आल्या तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आशाताईकडे झटपट तपासणीची पट्टी असते.

दुसरं कारण सिकलसेल. पूर्व विदर्भात या आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असलेल्या गरोदर बाईला पोटात, पाठीत, हाडांत उठणारी तीव्र वेदना कळांसारखी वाटू शकते. ती ‘क्रायसिस’ असेल तर दवाखान्यातच उपचार लागतात. आपली सिकलसेल तपासणी झाली आहे का आणि तिचं उत्तर काय, हे कार्डावर लिहिलेलं असायला हवं.

पुढची लक्षणं दिसली तर मिनिटं मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं:

- अंगावरून रक्त जाणं
- पाणमोट फुटणं, म्हणजे खालून पाणी जाणं. ते हिरवट किंवा दुर्गंधीचं असेल तर जास्तच घाई
- पोट सैल न पडता सतत टणक आणि दुखरं राहणं
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके
- ताप किंवा धाप लागणं

शहरातला नियम, जंगलातलं अंतर

पुस्तकांत आणि इंटरनेटवर एक नियम सर्रास दिसतो: दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ एक मिनिटाची आणि असं तासभर चाललं की दवाखान्यात जायचं. दवाखाना जवळ असलेल्या पहिलटकरणीसाठी हा नियम ठीक आहे. गाडी यायला एक तास आणि पोहोचायला दोन तास लागणाऱ्या गावात तो जसाच्या तसा वापरला तर उशीर होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की बाळंतपणाचा वेगवान टप्पा सुरू होतो. तिथून तोंड पूर्ण उघडायला पहिल्या खेपेला साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत आणि पुढच्या खेपांना १० तासांपेक्षा जास्त लागत नाहीत. ही वरची मर्यादा झाली. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात सगळं याच्या बरंच आधी आटोपू शकतं. म्हणून जिचं आधी एक बाळंतपण झालंय, तिने पहिलटकरणीपेक्षा लवकर निघायचं. आधी सिझेरियन झालं असेल, जुळं असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, तर कळांची वाट न बघता आधीच दवाखान्याजवळ जाऊन राहणं बरं.

हिशोब साधा आहे. गाडी यायला आणि दवाखान्यात पोहोचायला लागणारा वेळ नियमातून वजा करायचा. तीन तासांचा रस्ता असेल तर कळा दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पण नियमित येतायत, एवढंही निघायला पुरेसं कारण आहे. पावसाळ्यात हा वेळ आणखी वाढवून धरायचा. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात याच तालुक्यात एका गरोदर स्त्रीला जेसीबीच्या मदतीने पाणी ओलांडावं लागल्याच्या बातम्या आल्या होत्या.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली मातामृत्यूंमागच्या ‘तीन उशिरांची’ मांडणी केली. जायचं की नाही हे ठरवण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. रस्ता आणि डॉक्टर घरच्यांच्या हातात नसतात. पहिला उशीर मात्र बऱ्याच अंशी त्यांच्या हातात असतो. ‘खोट्याच असतील’ या वाक्यात तोच उशीर लपलेला असतो.

हा धोका किती जणींना असतो? गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतल्या ७७२ स्त्रियांवर बाळंतपणात आणि नंतर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १५ टक्के स्त्रियांना तातडीच्या प्रसूती-उपचारांची गरज पडेल अशी गुंतागुंत त्यात आढळली. म्हणजे साधारण सातातली एक.

कळा सुरू व्हायच्या आधीच पोहोचलं तर?

खऱ्या-खोट्याचा घोळ टाळायचा एक मार्ग म्हणजे तारीख जवळ आली की दवाखान्याशेजारी जाऊन राहणं. महाराष्ट्रात २०१०-११ पासून आदिवासी जिल्ह्यांत ‘माहेरघर’ योजना सुरू झाली. दुर्गम गावातली गरोदर बाई प्रसूतीच्या काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या माहेरघरात येऊन राहू शकते. सोबत घरचं एक माणूस आणि लहान मूल आणता येतं, जेवणाची सोय असते. क्युबात अशी घरं १९६२ पासून आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली दुर्गम भागांसाठी त्यांची शिफारस केली.

माहेरघरात आलेल्या बाईला सराव कळा आल्या तरी बिघडत नाही. नर्स बघते, थांबायला सांगते, आणि खऱ्या कळा सुरू झाल्या की चार पावलांवर प्रसूतिगृह असतं. अडचण वेगळीच असते. घरी मुलांकडे, गुराढोरांकडे कोण बघणार, हंगामाच्या दिवसांत मजुरी कशी बुडवायची, अनोळखी जागी आठ-दहा दिवस कसे काढायचे, हे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं आठव्या महिन्यातच घरात बसून काढलेली बरी.

परत पाठवलं तर?

अनेकींना सगळ्यात जास्त भीती असते ती याची. इतक्या लांब गेलो, गाडीला फोन केला आणि नर्स म्हणाली, ‘अजून वेळ आहे, घरी जा.’ मग गावात हसतील, पुढच्या वेळी घरचे नेणार नाहीत.

असं परत येणं जगभरच्या दवाखान्यांत रोज घडतं. तपासणी करून ‘अजून नाही’ असं कळणं हेही त्या फेरीतून मिळालेलं उत्तरच असतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. त्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे क्रमांक आहेत. गाव फार लांब असेल, वाटेत नदी-नाला असेल, तर परत पाठवण्याऐवजी माहेरघरात किंवा दवाखान्यात ठेवून घ्या, असं नर्सला स्पष्ट सांगावं. रस्त्याची स्थिती तिला माहीत असेलच असं नाही.

परत यावं लागलंच तर दोन गोष्टी विचारून यायचं: गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय, आणि पुन्हा कधी, काय झालं की यायचं. दोन्ही उत्तरं कार्डावर लिहून घ्यायची. पुढच्या वेळी पोट घट्ट झालं की घरात वाद घालण्याऐवजी कार्ड उघडून बघता येतं.